कोरीव ठशांसाठी रबराचा ठोकळा पातळ कापायचा आहे, बोटं सांभाळून

रेघोटी (नाशिक), रविवार रात्री

नमस्कार. तीनेक वर्षं मी हाताने कोरलेले ठसे करते. कापडी पिशव्या, पाकिटं, राख्यांच्या खोक्यांवरची लेबलं, सगळं त्यांनीच छापते. सुरुवात साध्या पांढऱ्या खोडरबरावर झाली. आता कोरायचे मोठे ठोकळे मागवते. पोस्टकार्डाएवढे असतात, 100 बाय 150 मिमी, जाडी 10 मिमी. कोरायला लोण्यासारखे आहेत, पण एवढी जाडी मला नको आहे. सुताराने करून दिलेले सागवानी गुटके माझ्याकडे आहेत, त्यांवर चिकटवायला 3 मिमीचा पातळ काप पुरेल असं वाटतं. शिवाय ठोकळे स्वस्त नाहीत. एकातून तीन काप निघाले तर यंदाच्या राख्यांचं सगळं काम त्यात भागेल.

गेल्या रविवारी करून पाहिलं. चार बोटं रुंद तुकडा कडेवर उभा केला, डाव्या हाताच्या चिमटीत धरला आणि 18 मिमीच्या कटरचं पातं पूर्ण बाहेर काढून वरून दाबत आणलं. निम्म्यापर्यंत सरळ गेलं. मग रबर दबलं, पातं वळलं आणि बाजूने बाहेर येऊन अंगठ्याच्या मुळाशी घुसलं. तीन टाके पडले.

टाके निघाले की पुन्हा करायचंच आहे, पण तसं नाही. तुम्ही कसे कापता? माझी दहा वर्षांची मुलगी शेजारी बसून बघत असते, म्हणून तिच्यादेखत करता येईल अशीच रीत हवी.

पारिजातक, रविवार रात्री

बापरे. काळजी घ्या. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंत ना? अंगठा पूर्ण वाकतो का, टोकाला बधिरपणा नाही ना, हेही डॉक्टरांना दाखवा. त्या जागेतून अंगठ्याच्या नसा जातात.

रेघोटी, रविवार रात्री

इंजेक्शन त्याच दिवशी घेतलं. अंगठा हलतो आहे, बधिरपणा नाही. आपुलकीने विचारलंत, बरं वाटलं.

जुनाफिटर (कोल्हापूर), सोमवार सकाळ

ताई, मी टूलरूममध्ये उभी हयात काढली, आता घरी नातवंडांसाठी लाकडी खेळणी करतो. रबरी गॅस्केटं मात्र हजारांनी कापली आहेत, म्हणून लिहितो.

लाकूड कापताना पातं पुढे सरकलं की मागची चीर उघडी राहते. रबराची चीर उघडी राहत नाही, ती दोन्ही अंगांनी पात्याला आवळून धरते. म्हणून जसं खोल जाल तसा जोर वाढवावा लागतो. आणि कटरचं पूर्ण बाहेर काढलेलं पातं म्हणजे अर्धा मिलिमीटर जाडीची पट्टी. जोर वाढला की ती वाकते, आणि पातं वाकेल तिकडेच चीर जाते. त्या पात्यावरच्या तिरक्या रेषा तर तुटण्यासाठीच पाडलेल्या असतात. 1956 मध्ये जपानच्या योशिओ ओकादांनी, ज्यांची पुढे ओल्फा ही कटरची कंपनी झाली, हा कटर काढला तोच बोथट टोक मोडून पुढचं नवं काढता यावं म्हणून. कागद-पुठ्ठ्याला उत्तम हत्यार, पण लांब काढून उभं दाबायला ते घेऊच नये.

माझी रीत सांगतो. सनमायका लावलेल्या प्लायवुडचा तुकडा घ्या, वहीएवढा. तो टेबलाच्या कडेला सी-क्लॅम्पने आवळा. ठोकळा उभा करायचा नाही, आडवा झोपवायचा आणि खालून दुहेरी टेपने फळीला चिकटवायचा. त्याच्या डाव्या-उजव्या बाजूला एकाच जाडीच्या दोन पट्ट्या लावायच्या, ठोकळ्यापेक्षा दोन-तीन इंच लांब. अ‍ॅक्रिलिकच्या असल्या तर बरं, दुकानात 3 आणि 5 मिमीची कतरण मिळते. आता लांब, पातळ, सरळ धारेची सुरी या दोन पट्ट्यांवर सपाट ठेवा आणि करवतीसारखी आडवी मागे-पुढे सरकवत, अंगापासून दूर, रबरातून पुढे न्या. काप किती जाड निघणार ते पट्ट्या ठरवतात, तुमच्या हाताला ते धरून ठेवावं लागत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं राहिलं. रबर टेपने धरलेलं आहे, म्हणून तुमचे दोन्ही हात सुरीवर. एक मुठीवर, दुसरा सुरीच्या पाठीवर, टोकाकडे, पलीकडच्या पट्टीच्या बरोबर वर, खाली जाड कापडाची घडी घेऊन. रबरावर एकही बोट नाही आणि धारेच्या पुढ्यात तर कधीच नाही. ही एक गोष्ट पाळलीत तर बाकी चुका फक्त रबराचं नुकसान करतील.

सुरीला दात नकोत, दात रबर ओरबाडतात. आणि धार दोन्ही बाजूंनी सारखी लावलेली हवी. एकाच बाजूने लावलेली धार सुरीला वर किंवा खाली ओढत नेते.

मोगरा_कळी, सोमवार दुपार

एवढं सगळं करण्यापेक्षा विळीवर नाही का जमणार? नारळाच्या खापा मी विळीवरच काढते, एकसारख्या येतात. किंवा बटाट्याचे वेफर्स पाडायची किसणी?

जुनाफिटर, सोमवार दुपार

दोन्ही नको, कृपा करून. विळीवर पातं स्थिर आणि हात चालतो. नारळ-भाजी कापताना पुढे किती जोर लागणार हे हाताला सवयीने ठाऊक असतं. रबर आधी अडतं आणि मग एकदम सुटतं. सुटतं तेव्हा हातात भरलेला सगळा जोर पात्याकडे जातो. किसणीवर तर रबर घसरतच नाही, चिकटून उडी मारतं. बटाट्याला पाणी सुटतं म्हणून तो सरकतो.

मोगरा_कळी, सोमवार दुपार

पटलं. हा जोराचा हिशोब डोक्यातच आला नव्हता.

दिवा_लावू_या (डोंबिवली), सोमवार रात्री

आमच्याकडे गणपतीच्या मखरासाठी थर्माकोल कापायचं तापत्या तारेचं यंत्र पडून आहे. 2018 मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली तेव्हापासून ते माळ्यावर आहे. तापलेली तार रबरातून लोण्यासारखी जाईल की. पातं नाही, म्हणजे कापण्याची भीतीही नाही.

शाईघर (पुणे), सोमवार रात्री

थांबा, तार लावू नका! मी रबरी शिक्के करण्याच्या धंद्यात आहे म्हणून ठासून सांगतो. कोरायचे हे मऊ ठोकळे आणि बाजारातली बरीचशी पांढरी खोडरबरं पीव्हीसीची असतात. आपण सवयीने रबर म्हणतो इतकंच. पीव्हीसी तापून जळायला लागलं की हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. तो डोळ्यांना, घशाला, फुप्फुसांना भाजतो, आणि ओलाव्यात त्याचं हायड्रोक्लोरिक आम्ल होऊन आसपासचं लोखंडही गंजतं. म्हणूनच शिक्के करणारे लेसर मशीनमध्ये पीव्हीसी घालत नाहीत, त्यासाठी वेगळं लेसर रबर येतं. तापती तार, सोल्डरिंग आयर्न, गॅसवर तापवलेली सुरी, यातलं काहीही या ठोकळ्याला लावू नका. खिडकी उघडी ठेवून भागेल असा हा प्रकार नाही.

ओळखायची एक खूण सांगतो. असं खोडरबर प्लास्टिकच्या डब्यात किंवा पट्टीला चिकटून काही महिने पडलं की डबा मऊ होतो, खड्डा पडतो, रबर तिथे चिकटून बसतं. पीव्हीसी मऊ ठेवायला घातलेलं तेलकट द्रव्य शेजारच्या प्लास्टिकमध्ये उतरतं. खोडरबराला कागदी वेष्टन असतं ते त्यासाठीच. रेघोटीताई, कापलेले काप प्लास्टिकच्या खोक्यात सुटे ठेवू नका, प्रत्येकामध्ये कागद घाला.

दिवा_लावू_या, सोमवार रात्री

बरं झालं इथे विचारलं. यंत्र भंगारात देतो.

टाका_दोरा (कोल्हापूर), मंगळवार सकाळ

जुनाफिटर काकांच्या पद्धतीत माझी थोडी भर. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या चपलांचं काम. कातड्याच्या कडा पातळ करायला आमच्याकडे रापी असते, रुंद पात्याची. आजोबा कातडं दगडावर पसरून रापी पुढे ढकलत तासायचे, आणि डावा हात कायम रापीच्या मागे. लहानपणी आम्हाला हातात रापी मिळायच्या आधी वर्षभर नुसतं हेच बघायला लावलं, की धरणारा हात कुठे आहे.

पण रापीने ठोकळ्याचे काप काढायला मी सांगणार नाही. रापी कडा तासायला आहे, चार इंच रुंद रबर मधून फाडायला नाही. आजोबांची दुसरी सवय मात्र तुम्हाला नक्की उपयोगी पडेल. रबरी सोल कापायचा झाला की ते पातं पाण्यात बुडवूनच घ्यायचे. कोरडं पातं रबरात अडकतं, ओलं सरकतं. मी पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाकतो. सुरी बुडवायची, दोन-तीन फेऱ्या मारायच्या, पुन्हा बुडवायची. लागणारा जोर निम्म्यावर येतो असं माझ्या हाताला वाटतं, आणि जोर कमी म्हणजे धोका कमी. मूठ मात्र कोरडी ठेवा. साबणाचा हात मुठीवरून घसरला तर सगळं मुसळ केरात. एक फडकं मांडीवर असू द्या.

आणि सुरू करण्यापूर्वी धार लावा. बोथट पातं सुरक्षित असतं हा समज फार लोकांचा आहे. ते जास्त जोर मागतं, म्हणून जास्त लागतं.

सप्तक (मिरज), मंगळवार दुपार

कोणी तारेचं बोललं नाही म्हणून लिहितो. तापती नाही, साधी गार पोलादी तार. आमच्या गावात सतारी आणि तंबोरे होतात, तारेचे तुकडे सहज मिळतात. गिटारची सगळ्यात बारीक तार पाव मिलिमीटरची असते, तीही चालते. तिची दोन टोकं बोटांना गुंडाळायची नाहीत, तार मांस कापते. पेन्सिलीएवढ्या जाड लाकडी दांड्यांना गुंडाळून पक्की करायची. मग काकांनी सांगितलेल्या पट्ट्यांवर तार ताणून घासत, डावी-उजवी करत, आपल्याकडे ओढायची. पात्यासारखी बाजू नसल्याने ती वळत नाही. साबणवाले साबणाच्या वड्या अशाच तारेने पाडतात.

मर्यादाही सांगतो. चार सेंटिमीटर रुंदीपर्यंत छान जातं. त्याहून रुंद तुकड्यात तार मधोमध मागे राहते, कमानीसारखी वाकते, आणि ताण कमी पडला तर मध्ये वर चढते. फार ओढली तर तुटते, आणि तुटलेलं टोक चाबकासारखं उडतं. म्हणून चष्मा हवाच. मुलांना दोन हात लांब बसवा.

निळीशाई (ओसाका), मंगळवार रात्री

इथे जपानमध्ये खोडरबरावर ठसे कोरणं हा मोठा छंद आहे, केशिगोमू हांको म्हणतात त्याला. नॅन्सी सेकी नावाची लेखिका (1962–2002) दूरचित्रवाणीवरच्या लोकांचे चेहरे खोडरबरावर कोरायची आणि सोबत लेख लिहायची. तिच्यामुळे मी या नादाला लागले. कोरायचे खास ठोकळे इथे स्टेशनरीच्या दुकानात सर्रास मिळतात.

रेघोटी, तुझा तीन कापांचा हिशोब मला बदलावासा वाटतो. ठोकळ्याला कारखान्यातून आलेल्या गुळगुळीत बाजू दोनच असतात, वरची आणि खालची. तू कितीही नीट काप, कापलेल्या बाजूवर सुरीच्या लाटा उमटणारच, आणि शाई त्या लाटा दाखवतेच. भरीव भाग छापला की पट्टे दिसतात. म्हणजे एका ठोकळ्यातून चांगले काप दोनच. मधला तिसरा काप दोन्हीकडून खडबडीत निघेल. मग एकच चीर मधोमध दे, 5 मिमीच्या पट्ट्या लावून. दोन काप मिळतील, प्रत्येकाची एक बाजू आरशासारखी. ती कोर आणि कापलेली बाजू गुटक्याला चिकटव. तिथे थोडा खडबडीतपणा असला तर गोंद उलट चांगलाच धरतो.

तीनाऐवजी दोन घेतलेस की आणखी एक गोष्ट साधते. 3 मिमीच्या कापात कोरायला दीड-दोन मिमी खोल गेलं की खाली जेमतेम मिलिमीटर उरतो. कोरणी एकदा आरपार गेली की ठसा गेला, आणि हातात धरून कोरत असलीस तर तळहातही.

दोन रंगी ठोकळा असेल, म्हणजे वरचा पापुद्रा वेगळ्या रंगाचा, तर तो रंग एकाच कापाला मिळेल हे लक्षात ठेव.

शाईघर, मंगळवार रात्री

निळीशाई यांच्याशी शंभर टक्के सहमत. आमच्याकडे अशी दुरुस्तीची कामं येतात. भरीव भाग फिका उठतो आणि गिऱ्हाईक शाईला दोष देतं. बहुतेक वेळा काप मध्ये बसका असतो.

पारिजातक, बुधवार सकाळ

एक शंका. आधी कोरून मग काप काढला तर? जाड ठोकळा धरायला सोपा, कोरताना हात लांब राहतो.

निळीशाई, बुधवार सकाळ

काहीजण करतात, मला आवडत नाही. कोरलेली बाजू खाली करून टेपवर चिकटवली की टेप फक्त उंच भागांना धरते. सुरीचा ताण आला की नाजूक रेघा टेपबरोबर उपटतात. वर ठेवून कापलं तर सुरीखाली कोरलेला भाग डुलतो आणि काप कमी-जास्त होतो. आधी काप, मग चिकटव, मग कोर. गुटका हातात धरूनही कोरताना बोटं लांबच राहतात.

जुनाफिटर, बुधवार सकाळ

माझंही मत तेच. आणि पूर्ण पोस्टकार्डाचा ठोकळा एका दमात चिरायला जाऊ नका. ठशाच्या मापाचे तुकडे आधी पाडा, 4 ते 5 सेंटिमीटरचे, मग प्रत्येक तुकडा आडवा चिरा. रुंदी निम्मी झाली की सुरीला लागणारा जोरही तसाच उतरतो. तुकडे पाडताना कटर चालेल, पण पातं दोनच खाचा बाहेर, पोलादी पट्टीला टेकवून, एका फटक्यात नाही तर चार-पाच हलक्या फेऱ्यांत.

मोगरा_कळी, बुधवार दुपार

कट-प्रूफ हातमोजे घातले तर चालतील का? ऑनलाइन बरेच दिसतात.

टाका_दोरा, बुधवार दुपार

घाला, पण भरवसा त्यांच्यावर टाकू नका. वेष्टनावर ईएन 388 लिहिलेलं बघा, हे मोज्यांच्या तपासणीचं युरोपीय मानक आहे. ओझरती धार लागली तर असे मोजे वाचवतात. टोक सरळ घुसलं तर विणीतून आत जातं. रेघोटीताईंना लागलं ते टोकानेच लागलं.

रेघोटी, दहा दिवसांनी, शनिवार रात्री

टाके निघाले, अंगठा ठीक आहे. आज तुमच्या सांगण्याप्रमाणे केलं, सविस्तर लिहिते.

फळीला सनमायका होताच. अ‍ॅक्रिलिकच्या 5 मिमीच्या पट्ट्या एका पाट्या बनवणाऱ्याकडून कतरणीत मिळाल्या. सुरी घरातलीच, टोमॅटोसाठी घेतलेली पण बिनदाती, आठ इंची, धार लावून आणली. ठोकळ्याचे 5 बाय 5 सेंटिमीटरचे सहा तुकडे पाडले, 10 बाय 15 मध्ये बरोबर बसतात. साबणपाणी, मांडीवर फडकं, दोन्ही हात सुरीवर.

पहिला तुकडा अर्ध्यात असताना टेप सुटली. रबर फिरलं, सुरी थांबली, हाताला काहीच झालं नाही, कारण हात तिथे नव्हताच. त्या क्षणी मला फार हायसं वाटलं. टेप सुटायचं कारण साबणपाणी खाली झिरपत होतं. दुसऱ्या तुकड्यापासून सुरी बुडवून निथळून घेतली आणि ठोकळ्याच्या पुढे, सुरी जाते त्या दिशेला, 3 मिमीची बारीक पट्टी आडवी चिकटवली. ती 5 मिमीपेक्षा बुटकी असल्याने सुरीला अडत नाही आणि रबर तिला टेकून राहतं. मग एकही तुकडा हलला नाही. सहा तुकड्यांचे बारा काप, त्यातले अकरा वापरण्याजोगे. वरचा काप चिरताना थोडा उचलला जातो, त्याने चीर उघडी राहते आणि सुरी सुटी चालते. मुलगी टेबलाच्या पलीकडे बसून मोजत होती.

सप्तक, तुमची तारही एका तुकड्यावर करून पाहिली. कापलेली बाजू सुरीपेक्षा नितळ आली. पण ओढायला ताकद लागली आणि ताज्या जखमेवर ताण आला, म्हणून एकावर थांबले.

दोन प्रश्न उरलेत. कापलेल्या बाजूला मध्ये किंचित उंचवटा आहे, तो कसा काढू? आणि चिकटवायला काय? फेव्हिकॉलने धरलं नाही, वाळल्यावर पापुद्र्यासारखं निघून आलं.

शाईघर, शनिवार रात्री

वा, मन भरून आलं वाचून.

उंचवट्यासाठी काचेवर 120 नंबरचा पॉलिश पेपर ठेवा, पाणी शिंपडा आणि कापलेली बाजू खाली करून गोल गोल घासा. ओलंच घासा, कोरडी भुकटी नाकात जाऊ देऊ नका. मग साबणाने धुऊन पूर्ण वाळवा. तरीही थोडं राहिलं तर रबर आणि गुटका यांच्यामध्ये 2 मिमीचा फोम घाला, चपलांच्या दुकानात असतो तसा. तो उंचसखलपणा पोटात घेतो, ठसा सगळीकडे सारखा टेकतो.

फेव्हिकॉल लाकडाला, पीव्हीसीला नाही. फेव्हिबॉण्डसारखा रबर-चामड्याचा गोंद घ्या. दोन्ही बाजूंना पातळ लावा, हाताला चिकटेनासा होईपर्यंत थांबा आणि मगच दाबा. खिडकी उघडी, गॅस बंद, तो गोंद पेट घेतो. फेव्हिक्विक लगेच धरतं पण कडक होतं, ठसा दाबून दाबून कडेने सुटत जातो. दुहेरी टेप काही महिन्यांत दगा देते, मघाशी सांगितलेलं तेच तेलकट द्रव्य तिचा चिकटपणा खातं.

पारिजातक, शनिवार रात्री

कटरची मोडलेली टोकं कुठे टाकता? आमच्याकडे कचरा घ्यायला येणाऱ्या ताईंच्या हाताला मागे ब्लेड लागलं होतं, तेव्हापासून मी हे सगळ्यांना विचारते.

जुनाफिटर, रविवार सकाळ

चांगलं विचारलंत. झाकणाचा पत्र्याचा डबा, झाकणाला एक चीर. टोक मोडलं की त्यातच. भरायला दोन-तीन वर्षं लागतात. भरला की चीर टेपने बंद करायची, वर मोठ्या अक्षरात ‘ब्लेड’ लिहायचं आणि सुक्या कचऱ्यात वेगळा, हातात द्यायचा, तोंडाने सांगून.

मोगरा_कळी, रविवार दुपार

मीही करून बघणार, पण मी डावखुरी आहे. काही वेगळं करावं लागेल का?

जुनाफिटर, रविवार दुपार

मांडणी तीच, फक्त आरशात बघितल्यासारखी. मूठ डाव्या हातात, कापडाची घडी उजव्या हाताखाली, पाण्याची वाटी डावीकडे. सुरीची धार दोन्ही अंगांनी सारखी आहे का ते मात्र तुम्ही जास्त बारकाईने बघा. काही सुऱ्यांना धार एकाच अंगाने असते आणि ती उजव्या हाताच्या हिशोबाने लावलेली. पहिला तुकडा लहान घ्या, तीन सेंटिमीटरचा.

मोगरा_कळी, रविवार दुपार

पट्ट्या आणायला आजच निघते, काका.